नाव गादीवर, राजा किल्ल्यात

९ नोव्हेंबर १८७५. मुंबईत परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड, संस्थानिकांच्या भेटी घेत होता. आदल्याच दिवशी तो ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईत उतरला होता आणि आज त्याचा वाढदिवस होता. भेटीला येणाऱ्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरचे छत्रपती होते. वय वर्षं बारा. अंगावर वयाला न पेलणारे दागिने, आजूबाजूला सरदार आणि सोबत इंग्रज अधिकारी. त्याच समारंभासाठी बडोद्याहून आलेला आणखी एक बारा वर्षांचा राजा मुंबईत होता. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तो नाशिककडच्या कवळाणे गावात गोपाळराव या नावाने वाढत होता. दोघांचा जन्म १८६३ मधला. दोघे दत्तक, दोघे अज्ञान, दोघांच्या शिक्षणाची सूत्रं इंग्रज सरकारच्या हातात.

बडोद्याचा मुलगा पुढे सयाजीराव गायकवाड झाला आणि १९३९ पर्यंत राज्य करून गेला. कोल्हापूरचा मुलगा विसाव्या वर्षी, घरापासून लांब अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेला.

ते कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस शाळा शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतात. ज्या राजासाठी ते दोघे आत गेले, त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं की गाडी अडते. कोल्हापुरातही वेगळं घडत नाही. दसरा चौकात शाहू महाराज आहेत, कावळा नाक्याला ताराराणी आहेत, चिमासाहेबांच्या नावाचा चौक आहे. चौथ्या शिवाजींचं नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, “चौथे म्हंजे नक्की कुठले ओ?”

चौदा वर्षांत तिघे

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. डिसेंबरात शहराने पुन्हा उठाव केला, तो कर्नल ली ग्रँड जेकबने मोडून काढला. गादीवर तेव्हा बाबासाहेब महाराज, म्हणजे तिसरे शिवाजी होते. इंग्रजांचा संशय होता त्यांच्या धाकट्या भावावर, चिमासाहेबांवर. उघड खटला न चालवता १८५८ मध्ये चिमासाहेबांना उचलून कराचीला नेलं. ते परतले नाहीत. १८६९ मध्ये तिथेच वारले.

बाबासाहेब १८६६ मध्ये गेले. त्यांच्या मागे दत्तक आलेले राजाराम महाराज इंग्रजी शिकलेले, रोजनिशी लिहिणारे, हौशी तरुण होते. १८७० मध्ये ते विलायतेला गेले, राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथली त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांची रोजनिशी इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्टने १८७२ मध्ये छापली.

राजाराम महाराजांना मूल नव्हतं. १८६२ च्या तहाने कोल्हापूरला दत्तकाचा हक्क मिळाला होता, त्यामुळे संस्थान खालसा होण्याचा धोका टळला होता. भोसले कुळातल्याच एका घराण्यातला नारायणराव हा आठ वर्षांचा मुलगा १८७१ मध्ये दत्तक घेतला गेला आणि शिवाजी हे नाव देऊन गादीवर बसवला गेला.

कराचीत चिमासाहेब, फ्लॉरेन्सला राजाराम, नगरला शिवाजी. १८६९ ते १८८३ या चौदा वर्षांत कोल्हापूरच्या राजघराण्यातले तीन पुरुष आपल्या मातीबाहेर मेले. एकाला हद्दपार केलं होतं, एक पाहुणा म्हणून गेला होता, एकाला ‘उपचारासाठी’ ठेवलं होतं. तिघांची कारणं वेगळी, पण तिघांच्याही उशाशी त्या वेळी कोल्हापूरचं घर नव्हतं.

कारभार सगळ्यांचा, राजाचा सोडून

राजा अज्ञान असला की संस्थान चालवायची एक ठरलेली पद्धत होती. वर पोलिटिकल एजंट, त्याच्या हाताखाली दिवाण, राजासाठी गोरा पालक आणि शिक्षक. राजवाड्यातल्या राण्यांना मान, पण निर्णयात वाटा नाही. खजिना भरलेला असे, कारण खर्च करणारा राजाच नसे. म्हणून अज्ञान राजांच्या काळात संस्थानांत इमारती फार झाल्या.

कोल्हापुरातही झाल्या. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी वास्तुकाराने टाउन हॉल बांधला, आणि १८७७ मध्ये शहराबाहेर नव्या राजवाड्याचं काम सुरू केलं. काळ्या घडीव दगडाचा, मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा असलेला तो न्यू पॅलेस आज पर्यटक तिकीट काढून बघतात. वाघाची कातडी, तलवारी, दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर थोरल्या शिवछत्रपतींचे प्रसंग बघत लोक दालनामागून दालनं पार करतात. हा वाडा बांधायला घेतला तेव्हा गादीवर चौथे शिवाजी होते. तो पुरा झाला १८८४ मध्ये, म्हणजे ते गेल्यानंतर. ज्याच्या कारकिर्दीत पाया भरला, त्याच्या नशिबी तिथे एक रात्रही आली नाही. वास्तुकार मँटही वाडा पुरा बघायला उरला नाही. तो १८८१ मध्ये वारला. आपल्या इमारती कोसळणार या भयाने त्याला शेवटी ग्रासलं होतं, अशी आख्यायिका आहे.

वेड कुणी ठरवायचं?

महाराज पंधरा-सोळाचे होता होता त्यांच्या वागण्याबद्दल सरकारी कागदांत तक्रारी दिसू लागल्या. पुढे त्यांचं डोकं फिरलंय असं ठरलं. डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, पहारा वाढला. मार्च १८८२ मध्ये मुंबई सरकारने महाराजांना राज्य करण्यास असमर्थ मानून कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमलं. त्यांच्या मदतीला दिवाण, सरन्यायाधीश आणि मुख्य महसूल अधिकारी अशा तिघांचं मंडळ दिलं.

महाराज खरंच आजारी होते का? आजच्या वैद्यकाला हे माहीत आहे की तीव्र मानसिक आजार बहुधा याच वयात, पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान, डोकं वर काढतात. आणि राजकारणाला हे माहीत आहे की अज्ञान राजा कारभार मागायच्या वयात येतो, तोही याच सुमाराला. दोन्ही शक्यता एकमेकींना खोडत नाहीत. मुलगा आजारी असेल आणि त्याचा आजार कुणाच्या सोयीचाही असेल. आठव्या वर्षी घरातून उचलून एका परक्या वाड्यात छत्रपती म्हणून बसवलेला, आईबाप तुटलेला, गोऱ्या पहाऱ्यात वाढलेला पोरगा पहाऱ्यावर हात टाकतो, चिडतो, गप्प बसतो. याला आजाराचं लक्षण म्हणायचं की पहाऱ्याचा परिणाम, हे ठरवणारेच पहारा बसवणारे होते. खरी गोम इथे आहे.

असा प्रश्न इंग्रजांच्या स्वतःच्या घरातही आला होता. त्यांचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला तेव्हा १७८८-८९ मध्ये पार्लमेंटच्या समितीने राजवैद्यांना समोर बसवून उलटसुलट प्रश्न विचारले. राजा बरा होणार की नाही यावर दोन पक्ष जाहीरपणे भांडले, वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढे १८११ मध्ये राजपुत्राला रीजंट नेमलं तेही कायदा करून. कोल्हापूरच्या राजाचं वेड मात्र कुठल्या सभागृहात चर्चेला आलं नाही, कुठल्या न्यायालयात सिद्ध करावं लागलं नाही. मुंबई सरकारचा हुकूम पुरेसा होता.

त्यामागे आधीच्या दोन अनुभवांची सावली असावी असं वाटतं. १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना उघडपणे पदच्युत करून काशीला पाठवलं, तर त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षं सरकारच्या मागे हात धुऊन लागले. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवून चौकशी मंडळ नेमलं. मंडळावर शिंदे आणि जयपूरचे राजे, सर दिनकरराव आणि तीन इंग्रज. विलायतेहून सार्जंट बॅलंटाइनसारखा नामांकित बॅरिस्टर मल्हाररावांच्या बाजूने उभा राहिला. मंडळाचं एकमत झालं नाही. इंग्रज एका बाजूला, हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला. तरी मल्हाररावांना काढून मद्रासला पाठवलंच, पण देशभर बोभाटा झाला. कोल्हापुरात यातलं काहीच करावं लागलं नाही. महाराजांना कुणी पदच्युत केलं नाही. त्यांचं नाव गादीवर, कागदोपत्री, मरेपर्यंत कायम राहिलं. फक्त ते स्वतः तिथे नव्हते.

पत्रं खोटी निघाली आणि

पुण्यात जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रं निघाली. पंचविशीतल्या संपादकांना कोल्हापूरच्या बातम्या मिळू लागल्या: महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ चालू आहे, आणि हे सगळं दिवाण माधवराव बर्वे यांच्या संमतीने चाललंय. ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांनी हे कडक शब्दांत छापलं. मग बर्व्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रं हाती आली. त्यांतून महाराजांना विषप्रयोग करण्याचा बेत दिसत होता. तीही छापली गेली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रं बनावट आहेत हे कोर्टात सिद्ध झालं. संपादकांनी माफी मागितली, ती पुरी पडली नाही. खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ ला या वृत्तपत्रांचे एक संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. १७ जुलैला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

या खटल्याने महाराष्ट्रात जे जमून आलं, ते पुन्हा तसं जमलं नाही. दोन ब्राह्मण संपादक एका ब्राह्मण दिवाणावर तुटून पडले होते, तेही मराठा छत्रपतींसाठी. जामिनाचे दहा हजार रुपये भरायला पुढे आले ते जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले, सत्यशोधक समाजाचे रामशेट बापूशेट उरवणे. खटल्याला मदत म्हणून कोल्हापुरात नाटक झालं. राजाराम कॉलेजात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले या मुलाने त्यात स्त्रीपार्ट केला होता, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. टिळक, आगरकर, फुले आणि गोखले ही चार नावं एका बाजूला दिसावीत असा प्रसंग एकोणिसाव्या शतकात दुसरा शोधावा लागेल. पुढच्या वीस वर्षांत टिळक-आगरकर एकमेकांपासून तुटले, टिळक-गोखले तुटले, आणि छत्रपतींच्या वेदोक्त विधींच्या हक्कावरून उठलेल्या वेदोक्त प्रकरणात टिळक थेट कोल्हापूरच्या गादीविरुद्ध उभे राहिले.

आगरकरांनी तुरुंगात दोन कामं केली. एक, त्या दिवसांची हकिगत लिहायला घेतली. दुसरं, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर केलं, ते ‘विकारविलसित’ नावाने १८८३ मध्ये आलं. राजपुत्र खरंच वेडा आहे की दरबार त्याला वेडा म्हणतोय, या पेचाभोवती फिरणारं नाटक, आणि ते मराठीत आणणारा माणूस तशाच एका राजपुत्रापायी गजाआड. निवड हेतुपुरस्सर असो वा नसो, त्या कोठडीत बसून डेन्मार्कच्या राजवाड्याबद्दल लिहिताना आगरकरांना कोल्हापूर आठवलं नसेल, हे संभवत नाही.

पण या सगळ्यात महाराजांचं काय झालं? माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान त्या बनावट पत्रांनी केलं. तोवर प्रश्न साधा होता: महाराजांना कसं वागवलं जातंय, आणि ते बघायचा अधिकार कुणाला? पत्रं आली आणि प्रश्न बदलून ‘बर्व्यांनी विष घालायचा कट केला का’ असा झाला. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि त्या ‘नाही’खाली मूळ प्रश्नही पुरला गेला. कोर्टाने पत्रांचा निवाडा केला, महाराजांचा नव्हे. तो विषय कोर्टापुढे नव्हताच. बर्वे निर्दोष ठरले याचा अर्थ कोल्हापुरात सगळं आलबेल आहे, असा लावणं सरकारला सोपं गेलं. आणि हात पोळलेली वर्तमानपत्रं त्या विषयाच्या वाटेला पुन्हा त्या आवेशाने गेली नाहीत.

किल्ला, शिपाई आणि प्लीहा

महाराजांना कोल्हापूरहून हलवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये. म्हणजे त्या वेळी नगर हे रयतेला, सरदारांना, राण्यांनाही सहज गाठता येण्याजोगं ठिकाण नव्हतं. किल्ला डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा आहे. गोल तटबंदी, भोवती रुंद खोल खंदक. निजामशाहीने बांधलेला, चांदबिबीने लढवलेला, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला. इंग्रजांनी तो मुख्यतः कुणाला तरी आत ठेवण्यासाठी वापरला. १९४२ ते ४५ मध्ये नेहरू आणि काँग्रेसचे पुढारी इथेच होते. आज किल्ला लष्कराकडे आहे. ओळखपत्र दाखवून आत जाणारा माणूस नेहरूंची खोली बघून परत फिरतो. याच तटाच्या आत त्याआधी साठ वर्षं कोल्हापूरच्या एका छत्रपतींचा शेवट झाला, हे त्याच्या कानावर पडत नाही.

इंग्लंडमध्ये हॅनवेलच्या वेड्यांच्या इस्पितळात जॉन कोनोली या डॉक्टरने १८३९ पासूनच रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं होतं. मारहाणीने, जबरदस्तीने वेड वाढतं, हे तिथल्या वैद्यकाने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. कोल्हापूरच्या राजासाठी मात्र परिचारक म्हणून नेमले गेले ते पलटणीतले गोरे सोजीर. त्यातलाच एक प्रायव्हेट ग्रीन. २५ डिसेंबर १८८३ ला, नाताळच्या दिवशी, महाराज आणि ग्रीन यांच्यात झटापट झाली. प्लीहा फुटून महाराज गेले.

प्लीहा फुटणं हा त्या काळच्या हिंदुस्थानात ओळखीचा शब्दप्रयोग होता. हिवतापाने इथल्या लोकांची प्लीहा सुजलेली असते, हलक्या धक्क्यानेही ती फुटते, त्यामुळे मारणाऱ्याचा हेतू ठार करण्याचा नव्हता, हा बचाव गोऱ्या आरोपींच्या बाजूने पुन्हापुन्हा झाला. १८७६ मध्ये आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो प्लीहा फुटून मेला, आणि फुलरला तीस रुपये दंड झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटननेही या निकालावर लेखी नापसंती नोंदवली होती. वैद्यकीय सत्य खरंच असेल. पण सुजलेली प्लीहा मोतद्दाराची असो वा छत्रपतींची, कायद्याने तिला सारखंच वागवलं. ग्रीनला शिक्षा झाली नाही.

याला आणखी एक संदर्भ आहे. १८८३ हे सबंध वर्ष इल्बर्ट बिलाच्या वादाने गाजलं. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या माणसाचा फौजदारी खटला चालवावा का, एवढाच तो प्रश्न होता, आणि त्यावरून गोऱ्या वसाहतीने आकाशपाताळ एक केलं. डिसेंबरातच लॉर्ड रिपनच्या सरकारने माघार घेत तडजोड केली: गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे सभासद असलेली ज्यूरी मागता येईल. जानेवारी १८८४ मध्ये कायदा झाला. म्हणजे गोऱ्याला हिंदी माणसापुढे जाब द्यावा लागू नये याची सोय ज्या महिन्यात पक्की झाली, त्याच महिन्यात नगरच्या किल्ल्यात छत्रपतींचा मृत्यू झाला.

महाराजांचे अंत्यसंस्कार नगरलाच झाले.

पुढचा दत्तक

१७ मार्च १८८४ ला महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतला. मुलगा होता कागलच्या आबासाहेब घाटग्यांचा, म्हणजे रीजंटांचाच थोरला, यशवंतराव. वय दहाच्या आत. नाव ठेवलं शाहू.

या मुलालाही तीच पद्धत मिळाली. पोलिटिकल एजंट, रीजंट, गोरा शिक्षक, आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज, नंतर धारवाडला फ्रेझरच्या हाताखाली अभ्यास. २ एप्रिल १८९४ ला, विसाव्या वर्षी, त्यांच्या हाती अधिकार आला. ज्या वयात आधीचे दोन छत्रपती मेले, त्या वयात शाहू महाराज कारभाराला लागले. आपल्याभोवतीची माणसं आपण निवडायची, दिवाणखाना आणि कचेरी एका जातीच्या हाती राहू द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या हुकुमापर्यंत गेला. त्यामागे सामाजिक विचार होता हे उघडच आहे. पण राजा नावापुरता उरला की कारभार कुणाचा होतो, याचं उदाहरण त्यांना ग्रंथात शोधावं लागलं नाही. ते उदाहरण त्यांच्या घरातच होतं, त्यांच्या दत्तक वडिलांचं.

म्हणून चौथ्या शिवाजींकडे केवळ दुर्दैवी राजा म्हणून बघून चालत नाही. अज्ञान राजे घडवायची जी यंत्रणा इंग्रजांनी उभी केली, तिच्यातून सयाजीराव निघाले, शाहू महाराज निघाले आणि नगरच्या किल्ल्यात मेलेला हा वीस वर्षांचा तरुणही निघाला. पहिल्या दोघांचं श्रेय घ्यायला त्यांचे शिक्षक एलियट आणि फ्रेझर, पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार सगळे पुढे आले. त्यांच्या अहवालांत, आठवणींत ते सापडतं. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र ना डॉक्टरांना जाब विचारला गेला, ना हुकूम काढणाऱ्यांना. तो सगळा हिशेब एका साध्या शिपायाच्या नावावर टाकला गेला, आणि त्या शिपायाकडूनही वसूल झाला नाही.